कैद्याने कारागृह कर्मचाऱ्यावर हात उचलला तर: कलमातली वर्षं आणि कलमाबाहेरची किंमत

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा धाकटा भाऊ फसवणुकीच्या खटल्यात दोन वर्षांपासून पुण्यातल्या कारागृहात कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेला कैदी, आहे. आधीचा गुन्हा नाही. महिन्यापूर्वी बराकीच्या झडतीत त्याची एका शिपायाशी झटापट झाली आणि शिपायाच्या नाकातून रक्त आलं. आता भावावर नवा गुन्हा दाखल झालाय, त्याला वेगळ्या खोलीत टाकलंय आणि घरच्यांशी होणारी मुलाखत बंद केलीय. किती शिक्षा होईल? बराकीतले जुने कैदी ‘फाशीपर्यंत जातं’ म्हणतात, ते खरं का? आणि मूळ केसचं काय होणार?

ताई, फाशीची भीती मनातून काढून टाका. ती कुठून आली ते पुढे सांगतो. बाकीचं मात्र शांतपणे वाचा. अशा प्रकरणांत मी आधी सरकार पक्षाकडून उभा राहिलो आहे आणि आता बरीच वर्षं बचावाकडून उभा राहतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की कलमात लिहिलेली वर्षं हा या नुकसानीचा लहान भाग असतो. मोठा भाग दुसऱ्याच कागदांवर असतो आणि घरच्यांचं तिकडे लक्ष जातं तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी कलमं. कारागृहातला शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी हे सगळे कायद्याच्या भाषेत लोकसेवक. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ सांगतं की लोकसेवक कर्तव्य बजावत असताना त्याच्यावर हल्ला केला किंवा फौजदारीपात्र बळ वापरलं, तर दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. यात जखम झालेली असायलाच हवी असं नाही. कॉलर धरली, जोरात ढकललं, एवढंही पुरतं. दुखापत झाली की कलम १२१ येतं. साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. जबर दुखापतीला किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं, शिवाय दंड. तिन्ही अजामीनपात्र.

महाराष्ट्रात इथे तारखेचा एक घोळ आहे. आपल्या राज्याने जुन्या दंड संहितेच्या ३३२ आणि ३५३ या कलमांत दुरुस्ती करून दोन्हींची शिक्षा पाच वर्षांवर नेली होती आणि खटले सत्र न्यायालयाकडे दिले होते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि नुसत्या हल्ल्याचं कलम पुन्हा दोन वर्षांवर आलं. म्हणजे सारख्याच धक्काबुक्कीला जून २०२४ मध्ये पाच वर्षांपर्यंत आणि जुलैमध्ये दोन वर्षांपर्यंत. शिक्षा घटनेच्या दिवशी लागू असलेल्या कायद्याप्रमाणेच होते, हे संविधानाच्या अनुच्छेद २० चं संरक्षण आहे. तुमच्या भावाची घटना महिन्यापूर्वीची असल्याने नवी संहिताच लागू. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची केस जुनी असेल तर दोषारोपपत्रावर कलम बरोबर लावलंय का, ते आधी तपासा.

आता शिपायाचं नाक. तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा कागद हा आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत तोच नाही. नाकातून रक्त येणं ही साधी दुखापत. नाकाचं हाड मोडणं ही जबर दुखापत, कारण हाड किंवा दात मोडला की कायदा तिला जबर म्हणतो, मग फ्रॅक्चर केसाएवढं का असेना. पहिल्यात न्यायाधीश नुसत्या दंडावर किंवा काही महिन्यांवर भागवू शकतात. दुसऱ्यात एक वर्षाच्या खाली जाता येत नाही आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. म्हणून शिपायाला कुठे नेलं, एक्स-रे निघाला का, तो कोणी वाचला, हे दोषारोपपत्र आल्या आल्या पाहायचं. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वरवर पाहून लिहिलेलं ‘फ्रॅक्चरची शक्यता’ म्हणजे फ्रॅक्चर नव्हे. रेडिओलॉजिस्टचा अहवाल नसेल तर उलटतपासात ते टिकवणं सरकार पक्षाला जड जातं. आणखी एक बदल ध्यानात ठेवा. जखमी माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही तर ती जबर दुखापत, असं पूर्वी होतं. नव्या संहितेत ते पंधरा दिवस झालं आहे. शिपायाच्या वैद्यकीय रजेचे दिवस मोजा.

हत्यार असेल तर चित्र बदलतं. चमचा घासून केलेली सुरी, पत्र्याचा तुकडा, फोडलेली फरशी यांनी वार केला तर कलम ११८ लागतं, आणि वार गळ्यावर किंवा पोटावर असेल तर पोलीस कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न लावतात. तिथे दहा वर्षं आणि इजा झाली असल्यास जन्मठेपेपर्यंत मजल जाते. झटापटीत दहा-पंधरा जण सामील झाले तर वर दंगलीची कलमं. तुमच्या फिर्यादीत यातलं काही दिसत नाही.

फाशीची गोष्ट जन्मठेपेच्या कैद्यांची आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ३०३ होतं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर शिक्षा एकच, फाशी. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. हे कलम मुख्यतः तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षण म्हणून घातलं गेलं असावं, असं विधी आयोगानेच म्हटलं होतं. ज्याला आधीच जन्मभर आत राहायचंय, त्याला पहारेकऱ्यावर हात टाकण्यापासून आणखी कशाने रोखणार, असा तो हिशेब. ७ एप्रिल १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मुख्य निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचा. त्यातला युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. जन्मठेपेचा कैदी रजेवर घरी असताना वेगळ्याच कारणाने त्याच्या हातून खून झाला, तर त्याचा तुरुंगातल्या पहारेकऱ्यांच्या सुरक्षेशी काय संबंध? आणि परिस्थिती न पाहता, आरोपीला शिक्षेबद्दल काही सांगू न देता दिलेली फाशी न्याय्य कशी?

नव्या संहितेच्या कलम १०४ मध्ये ती तरतूद दुरुस्त होऊन परत आली आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशी, किंवा उरलेलं नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत जन्मठेप. पर्याय आहे, पण दुसरा पर्यायही चौदा वर्षांनी सुटण्याची आशा संपवणारा. कलम १०९ च्या दुसऱ्या पोटकलमात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनाच्या प्रयत्नाला, इजा झाली असल्यास, याच दोन शिक्षा आहेत. बराकीतले जुने लोक बोलतात ते याबद्दल. कच्च्या कैद्याला, त्यातही झटापटीच्या केसमध्ये, याचा काही संबंध नाही.

आता वेगळी खोली आणि बंद झालेली मुलाखत. फौजदारी खटल्याहून हा वेगळा रस्ता आहे. १८९४ च्या कारागृह कायद्यानुसार हल्ला हा कारागृह शिस्तीचाही भंग, आणि त्याला अधीक्षक स्वतः शिक्षा देऊ शकतो. कलम ४६ ची यादी इंग्रजांच्या काळातली आहे आणि वाचताना ते जाणवतं. ताकीद, काम बदलणं, माफीचे (शिक्षेतून मिळालेल्या सुटीचे) दिवस कापणं, बेड्या, एकांत कोठडी, अगदी तीस फटक्यांपर्यंत चाबूक. अधीक्षकाला आपले अधिकार अपुरे वाटले तर कलम ५२ खाली तो कैद्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो आणि दंडाधिकारी एक वर्षापर्यंत जादा कारावास देऊ शकतो. राज्याच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कारागृह व सुधारसेवांसाठी नवा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा तुमच्या भावावरच्या कारवाईत कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय, ते वकिलाला आधी पाहू द्या.

कलम कोणतंही असो, त्याच्या वर सर्वोच्च न्यायालयाचा सुनील बत्रा खटल्यातला डिसेंबर १९७९ चा दुसरा निकाल आहे. तिहारमधल्या एका कैद्याचा वॉर्डरने केलेला छळ दुसऱ्या कैद्याने पत्र लिहून न्यायालयाला कळवला होता, त्यावरचा. न्यायालयाने सांगितलं की एकांत कोठडी, सवलती बंद करणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या कारागृहात पाठवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही, आणि तातडीच्या कारणाने आधी कळवता आलं नाही तर दोन दिवसांत कळवायचं. प्रत्यक्षात हे पाळलं जातं का, हा प्रश्न अधीक्षकाला लेखी विचारला की बहुतेक वेळा मुलाखत सुरू होते. उपरोधाने म्हणत नाही, खरंच होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात येतात, त्यांच्यामार्फतही हा अर्ज जातो.

‘अधीक्षकाने शिक्षा दिली, मग खटला पुन्हा कसा? एका गुन्ह्याला दोन शिक्षा?’ हा प्रश्न पुढे येणारच. १९५३ च्या मकबूल हुसेन खटल्यापासून, म्हणजे सांताक्रूझ विमानतळावर सोनं घेऊन उतरलेल्या प्रवाशाच्या त्या प्रकरणापासून, कायदा असा आहे की खात्याने केलेली कारवाई म्हणजे न्यायालयीन खटला नव्हे. त्यामुळे अनुच्छेद २० (२) चा फायदा मिळत नाही. पण कारागृह कायद्याच्या कलम ५२ लाच शेपूट आहे की एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नाही. त्यामुळे दंडाधिकाऱ्याकडून कलम ५२ ची शिक्षा झाली असेल, तर त्याच घटनेच्या नव्या खटल्याला हरकत घेण्याला अर्थ आहे. नुसती मुलाखत बंद झाली असेल तर तो मुद्दा फार ताणू नका.

यानंतरचं नुकसान कलमांत दिसत नाही. तुमच्या भावावर फक्त फसवणुकीचं कलम आहे, कमाल सात वर्षांचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ४७९ प्रमाणे, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असतं. सात वर्षांचा तिसरा भाग म्हणजे अठ्ठावीस महिने. त्याचे चोवीस झाले होते. चार महिन्यांत तो बाहेर आला असता! पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा किंवा खटल्यांचा तपास वा सुनावणी सुरू असेल तर हा लाभ नाही. झडतीतल्या त्या दोन मिनिटांनी हा दरवाजा बंद केला. यावर वाद घालता येतो आणि घालायलाच हवा. नवा गुन्हा क्षुल्लक आहे, मूळ खटल्याशी संबंध नाही, आरोपीचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. तरी सरकारी वकील हे पोटकलम पुढे करणार हे गृहीत धरा. म्हणून नवी केस लवकर निकाली लागणं हेच तुमच्या हिताचं आहे. तारखा वाढवून घेऊ नका.

जामीन आता दोन्ही केसमध्ये वेगवेगळा लागेल. एकात मिळाला आणि दुसऱ्यात नाही तर तो आतच. नव्या गुन्ह्यात त्याला रीतसर अटक दाखवली आहे का, हे तुमच्या कागदांवरून कळत नाही. दाखवली नसेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो. माणूस आधीच कोठडीत असला तरी दुसऱ्या गुन्ह्यात तो मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये धनराज आस्वानी प्रकरणात स्पष्ट केलं. त्या पीठाचे प्रमुख धनंजय चंद्रचूड. वडिलांचा मिठू निकाल आणि मुलाचा हा, दोन्ही तुमच्याच प्रश्नाच्या उत्तरात यावेत हा योगायोग. अटक दाखवली असेल तर पहिल्या रिमांडपासून साठ दिवस मोजा. १३२ आणि साध्या दुखापतीच्या १२१ मध्ये तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा, पण तो मागावा लागतो. आपोआप कोणी देत नाही.

शिक्षा कशी मोजतात याकडेही बघा. एक शिक्षा भोगत असताना दुसरी झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६७ प्रमाणे दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र भोगण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात, पण तो मागायला हवा. शिक्षेच्या प्रश्नावर बोलायची वेळ येते तेव्हा कित्येक वकील ‘दया दाखवावी’ एवढं म्हणून बसतात आणि हे एक वाक्य राहून जातं. गंमत अशी की जन्मठेपेच्या कैद्याला दुसरी शिक्षा कायद्यानेच एकत्र चालते. म्हणजे वरकरणी त्याचं काही जात नाही. प्रत्यक्षात सर्वात जास्त त्याचंच जातं. माफीचे दिवस कापले जातात, फर्लोच्या, म्हणजे कैद्याच्या ठरावीक रजेच्या, नियमांत वर्तन समाधानकारक नसेल तर रजा नाही, आणि मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव वर जातो तेव्हा हीच नोंद पहिल्या पानावर असते. पक्क्या कैद्यांच्या घरच्यांनी ‘पाचच वर्षांचं कलम आहे, तीही एकत्रच’ म्हणून सुस्कारा सोडू नये.

बचाव काय? १३२ आणि १२१ खालच्या तिन्ही गुन्ह्यांचा पाया एकच आहे, लोकसेवक आपलं कर्तव्य बजावत होता. झडती घेणं कर्तव्यात बसतं. झडतीच्या नावाखाली लाथा घालणं बसत नाही. अधिकाराच्या नात्याने, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने आखडलेला आहे, पण मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी असं तो वागला तर हक्क परत येतो. तुमच्या भावाच्या अंगावर वळ होते, असं तुम्ही लिहिलंय. ते कोणत्या कागदावर आहेत? नसतील तर पुढच्या तारखेला न्यायाधीशांना थेट सांगायला लावा आणि बाहेरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी मागा. महिन्याने वळ जातात, हाडाचं दुखणं राहतं. बराकीच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा आदेश आजच मागा. जुन्यावर नवं चित्रीकरण चढतं.

असं कधी घडतच नाही, असं न्यायालयं मानत नाहीत. जून २००८ मध्ये आर्थर रोड कारागृहात लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींना मार बसला. कैद्यांनी दंगा केला म्हणून बळ वापरावं लागलं, ही कारागृहाची बाजू. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो बळाचा वापर असमर्थनीय ठरवला. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, सहा कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली, आणि त्याच घटनेनंतर उसळलेल्या गोंधळासाठी सुमारे दोनशे कैदी महिलांवर दंगलीचा गुन्हाही नोंदवला गेला. एकाच घटनेचे असे दोन गुन्हे असू शकतात, आणि दोन्ही वाचल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, कारण ती मी जवळून पाहिली आहे. सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा, असं केंद्राची २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सांगते. ८०४ कैद्यांसाठी बांधलेल्या आर्थर रोडमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट माणसं कोंबलेली असतात आणि गिनतीला एखादा शिपाई काठी घेऊन शंभरांसमोर उभा असतो. तो घाबरलेला असतो. शिक्षा दोनाची पाच वर्षं केल्याने त्याच्यावरचा एकही हल्ला टळला, असं मला कधी दिसलं नाही. बराकीत जादा दोन माणसं दिली असती तर टळले असते. म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात त्या शिपायाला खोटारडा ठरवायला निघालेला वकील करू नका. त्याला बसलेला मार खरा आहे. सुरुवात कोणी केली, एवढाच प्रश्न आहे.

शेवटी दोन गोष्टी, ज्या घरचे प्रेमापोटी करतात आणि केस बिघडते. पहिली माफीनामा. ‘लिहून दे, साहेब मिटवतील’ असं आत सांगितलं जातं. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही, पण कारागृहाचा अधीक्षक पोलीस अधिकारी नाही. त्याच्याकडे दिलेला ‘माझ्याकडून हात उचलला गेला’ असा कागद सरकार पक्ष कबुली म्हणून पुढे आणू शकतो. आमिष किंवा दबाव दाखवून लिहून घेतला, हे नंतर सांगता येतं, मात्र ते पटवून देण्याचं ओझं तुमच्या वकिलावर येतं. भावाने आधीच लिहून दिलं असेल तर तारीख, वेळ, समोर कोण होतं, हे तो विसरण्याआधी वकिलाला सांगू द्या. दुसरी, शिपायाच्या घरी जाणं. हे गुन्हे तडजोडपात्र नाहीत. त्याने ‘माझी तक्रार नाही’ लिहून दिलं तरी खटला आपोआप संपत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं आणि लोकसेवकावरच्या हल्ल्यात ते सहजी ऐकत नाही. आणि सोबत पैशाचं पाकीट नेलंत, ताई, तर तिसरा गुन्हा तुमच्या नावावर नोंदला जाईल.